उणे एक

आमच्या सरांच्या दाराला बेल होती, पण ती वाजवून दार उघडत नसे. बेल वाजली की आतून सपातांचा फटक फटक आवाज जवळ येई, दारावरच्या भिंगातला उजेड जाई, म्हणजे सरांनी डोळा लावला असं समजायचं, आणि मग आतून एकच शब्द येई, "वाक्य?"

बाहेरच्याने मग परवलीचं वाक्य म्हणायचं. निदान चार शब्दांचं. एकच शब्द दोनदा आला की संपलं. एका शब्दाची अक्षरं मागेपुढे करून दुसरा शब्द होत असेल, म्हणजे आधी 'काम' म्हटलं आणि पुढे 'मका' म्हटलं, तरी संपलं. "चोर तोच आहे, टोपी फिरवून आलाय," असं सर म्हणत. एकाने एकदा म्हटलेलं वाक्य त्यालाच पुन्हा चालत नसे. सर आतल्या आत तपासणी करत आणि 'ग्राह्य' किंवा 'अग्राह्य' असा निकाल देत. ग्राह्य असेल तर कडी निघे. मग ते वाक्य एका जाड वहीत लिहिलं जाई आणि त्याच्यापुढे निळ्या पेनने खूण होई. अग्राह्य वाक्यंही लिहिली जात, पण त्यांच्यापुढे लाल फुली.

हे सगळं डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चालायचं. बाहेरच्या खोलीत सरांचा प्रोग्रॅमिंगचा क्लास होता. कॉम्प्युटर चार, त्यातले कुठल्याही दिवशी चालणारे दोन. मी कल्याणच्या कॉलेजातून आयटीची डिग्री घेऊन बाहेर पडलेलो आणि मला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. आईला कोणीतरी सांगितलं की या सरांकडे पाठवा, दगडालाही शिकवतात. दगड म्हणजे मी.

पहिल्या दिवशी मी घाबरून म्हटलं, "मी क्लाससाठी आलोय सर," आणि दार उघडलं. मला वाटलं, हे तर सोपं आहे. दुसऱ्या दिवशी तेच म्हटलं आणि दहा मिनिटं जिन्यात उभा राहिलो. शेवटी जिन्यातल्या चपलांच्या रॅककडे बघत म्हटलं, "चप्पल बूट छत्री कुंडी." ग्राह्य. पुढे कळलं की नवा माणूस हेच करतो. सरांच्या वह्यांमध्ये तो जिना किमान पन्नास वेळा लिहिलेला असेल.

सरांचं एक ठरलेलं बोलणं होतं, "ओळख म्हणजे पुरावा नव्हे." वीस वर्षं शेजारी राहणारा माणूस वाटीभर साखर मागायला आला तरी भिंगातून त्याच्याकडे बघत ते हे ऐकवत. गॅसवाला दर वेळी "गॅस सिलेंडर आणलाय काका" म्हणायचा. पहिल्यांदा चाललं. दुसऱ्यांदा सरांनी नवीन वाक्य मागितलं. तेव्हापासून तो सिलेंडर दुसऱ्या मजल्यावर ठेवून, खालूनच हाक मारून जाऊ लागला, आणि ग्राह्य-अग्राह्य न करता सर तो स्वतः वर आणू लागले.

हे वेड कुठून आलं त्याची एक हकीकत ते सांगत. सर आधी एका सरकारी कचेरीच्या कॉम्प्युटर विभागात होते. तिथे साहेबांचा पासवर्ड म्हणजे साहेबांचंच नाव, आणि तेही विसरू नये म्हणून कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेलं. सरांनी यावर सात पानी टिपण सादर केलं. टिपणावर शेरा आला, "कागद वारंवार पडतो, चांगला डिंक वापरावा." त्याच दिवशी सरांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला. निदान सर तरी असं सांगत. अर्ज त्याआधी महिनाभर टाइप करून ठेवला होता, असं काकू सांगत.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांनाही सूट नव्हती. बाजारातून आल्या की पिशवीत जे असेल ते त्या म्हणून टाकायच्या, "गवार फरसबी तोंडली आलं," त्यामुळे आज जेवायला काय ते अख्ख्या जिन्याला कळायचं. त्यांचा आवाज शांत असे. इतका शांत की ऐकणाऱ्याला जरा भीतीच वाटावी.

आमच्या वर्गात खाडीकाठच्या गावातला एक मुलगा होता. घरची शेती आणि मिठागरं होती, त्या जमिनीवर आता टॉवर उभे राहिले होते. मुलगा शिकतो की नुसता गाडी फिरवतो हे बघायला एकदा त्याचे वडील आले. बेल वाजली. "वाक्य?" सर म्हणाले. बाहेरून जिना हादरवणारा आवाज आला, "पोऱ्याचा बापूस आयलाय, उघर."

सरांनी बोटं मोजली. चार. "ग्राह्य."

ते आत येऊन बसले, पाणी प्यायले, आणि सरांकडे कौतुकाने बघत म्हणाले, "मास्तर, तुमचा दार लय कडक हाय. आमच्या बंगल्याला वॉचमन हाय, तो नुसता निजतंय. तुमी येता का?" दुसऱ्या कोणाला राग आला असता. सरांना मात्र इतका आनंद झाला की त्यांनी नियमांचा कागद स्वहस्ते लिहून दिला.

आता मुख्य गोष्ट, कोड्याची. सरांकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला शेवटी एकच प्रोग्रॅम लिहावा लागे. सरांनी आपल्या सगळ्यात पहिल्या वहीतली दोनशे वाक्यं टाइप करून ठेवली होती, खुणा आणि फुल्या वगळून. नियम तेच, किमान चार शब्द, एकही शब्द परत नाही, टोपी फिरवून नाही. यातली किती ग्राह्य, ते प्रोग्रॅमने सांगायचं. उत्तर एकशे सत्तेचाळीस आलं की सर हातकागदावर शाईने प्रमाणपत्र लिहून देत. त्याला बाहेर काडीची किंमत नव्हती, पण डोंबिवलीतल्या कित्येक घरांत ते फ्रेम करून लावलेलं मी पाहिलं आहे.

माझं उत्तर आलं एकशे अठ्ठेचाळीस. तीन दिवस मी प्रोग्रॅम उलटासुलटा करून पाहिला. उत्तर हलेना. शेवटी खडवलीहून येणाऱ्या एका सीनियर मुलीला माझी दया आली. ती हळूच म्हणाली, "अरे, शेवटी एक वजा कर."

"का?"

"का ते नको विचारू. सगळ्यांचं एक जास्त येतं. सगळे वजा करतात. मला पण एका दादाने सांगितलेलं."

"मग सरांना सांगायचं ना."

"तू सांग," ती म्हणाली आणि आपल्या कॉम्प्युटरकडे वळली.

मी सांगितलं नाही. सरांचं चुकलं असं सरांना सांगायचं म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा. मी एक वजा केला, सरांनी उत्तर बघून मान हलवली, आणि मला प्रमाणपत्र मिळालं. वीस वर्षं हेच चालू होतं. क्लासमधून बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या पहिल्या प्रोग्रॅमच्या शेवटच्या ओळीत तो उणे एक बसलेला होता, आणि तो का आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

पुढे ठाण्याला, घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत मला टेस्टला बोलावलं. प्रश्न बघितला आणि हसूच आलं. दिलेल्या ओळींपैकी किती परवलीची वाक्यं नियमांत बसतात ते शोधा. बाकीची मुलं डोकं धरून बसली होती. मी तो प्रोग्रॅम इतक्या वेळा घोटलेला की बोटं आपोआप चालली. दहा मिनिटांत हात झटकून मी खुर्चीला टेकलो. मग टेस्ट घेणाऱ्या मॅडम आल्या, सगळं वाचत खाली आल्या आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय?"

शेवटच्या ओळीत मी एक वजा केलेला होता.

संध्याकाळी नकाराचा मेल आला. घरी आईने पेढे आणून ठेवले होते. टाकायचे कसे, म्हणून ते आम्ही खाल्ले. पण तिने तोंड फिरवून डबा घासला ते मला दिसलं, आणि माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या दारात उभा राहून मी म्हटलं, "सर, तुमचं उत्तर चुकलंय."

"ग्राह्य," सर म्हणाले.

मी सगळं सांगितलं. वजा करणं, खडवलीची मुलगी, तिचा दादा, पेढे, सगळं. सर चिडतील असं वाटलेलं, पण ते नुसते ऐकत राहिले. मी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः हा प्रोग्रॅम चालवून बघितला नाहीत कधी?"

"मी कशाला चालवू? माझ्याकडे उत्तर होतं. वहीतल्या निळ्या खुणा मोजल्या होत्या मी. दोनदा."

त्यांनी माळ्यावरून ती पहिली वही काढली आणि आम्ही ओळीने मोजायला बसलो. सर वाक्य वाचायचे, मी नियम लावायचो, ते खूण बघायचे. स्वयंपाकघरात काकूंचा मिक्सर चालू होता. सव्वाशेच्या पुढे कुठेतरी सर थांबले.

"वाचा ना सर."

"मुकाट्यानं," सर म्हणाले. मग घसा साफ केला. "मुकाट्यानं दार उघडा आता."

मिक्सर बंद झाला.

"शब्द किती?" मी विचारलं.

"चार."

"एखादा परत आलाय?"

"नाही."

"टोपी फिरवून?"

"नाही."

"मग फुली कशी?"

"कारण ते वाक्य नव्हे, धमकी आहे," सर म्हणाले. "मी त्या दिवशीच तसं स्पष्ट सांगितलं होतं."

काकू पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या. त्या माझ्याशी बोलल्या, सरांशी नाही. "कल्याणच्या मार्केटातून वर्षाच्या मिरच्या घेऊन आले होते मी. दोन पिशव्या, तीन मजले. डोळ्यांची आग आग होत होती. त्याआधी दोनदा चुकले, कारण तोंडातून 'मिरच्या' शिवाय शब्दच फुटत नव्हता. तिसऱ्यांदा हे म्हटलं. तरी दार उघडलं नाही. मग मिरच्या दारात ठेवल्या आणि कल्याणला बहिणीकडे गेले. चार दिवस."

"चार दिवस सगळी बिल्डिंग शिंकत होती," सर हळूच म्हणाले.

"आणि त्या पोऱ्याचे वडील 'उघर' म्हणाले, ते कसं चाललं हो?" काकूंनी विचारलं.

सरांनी मुकाट्याने अलीकडची वही उघडली आणि पान काढलं. निळी खूण होती. त्यांनी ती बराच वेळ बघितली. सर कोणाचाही पुरावा मानत, हा त्यांचा मोठेपणा होता. "एकशे अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. काकू आत गेल्या आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

त्यानंतर सरांनी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांची यादी काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "तुमचं प्रमाणपत्र मी परत घेतोय. चूक माझी होती. उणे एक काढा आणि पुन्हा येऊन दाखवा." पलीकडची माणसं आता कुठल्या कुठे पोचलेली. एकाने मीटिंगमधून बाहेर येऊन माफी मागितली, कशाबद्दल ते न समजता. टक्कल पडलेला, मोठ्या कंपनीतला एक मॅनेजर खरंच ठाण्याहून गाडीने आला, शाळेतल्या मुलासारखा बाकावर बसला आणि शेवटची ओळ खोडून, नवं प्रमाणपत्र घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "इतकी वर्षं मनात होतं रे. हलकं वाटलं."

सर रोज चार-पाच फोन करत. प्रत्येक फोनवर "चूक माझी होती" हे शब्द न अडखळता म्हणत. एक दिवस पोहे देताना काकू मला म्हणाल्या, "अमेरिकेत फोन लावून चूक कबूल करतात. स्वयंपाकघर सात पावलांवर आहे."

मी मान खाली घालून पोहे खाल्ले. सगळ्या जगाला सांगून झालं होतं, फक्त जिच्यापुढे फुली मारली तिला सांगायचं राहिलं होतं. काकू वाट बघत होत्या हे मला दिसत होतं, आणि सरांना ते माझ्याआधी दिसलं असणार. त्यामुळेच ते पाणी प्यायलाही आत जाईनासे झाले होते. तांब्या बाहेर घेऊन बसत.

यादीत शेवटचं नाव माझं. माझ्यासाठी फोन पुरणार नाही असं त्यांनी ठरवलं. "तुझं नुकसान झालंय. मी ठाण्याला येतो," म्हणाले. मी नको नको म्हणत असताना ते इस्त्रीचा शर्ट घालून, वही पिशवीत घालून तयार.

कंपनीच्या फाटकावर वॉचमनने आधार कार्ड मागितलं, पिशवी उघडून बघितली, नाव लिहून घेतलं. सर हरखून गेले. पण वॉचमनने कार्ड परत देताच त्यांचा चेहरा पडला. "या फोटोतला माणूस माझ्यासारखा दिसत नाही. तरी सोडताय?"

"काका, जा ना आता," वॉचमन म्हणाला.

मॅडमनी भेट दिली, याचंच मला नवल वाटलं. सरांनी त्यांच्यासमोर वही ठेवली. "हा उणे एक माझा आहे. मुलाचा नाही. शिक्षा चुकीच्या माणसाला झालीये." मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं, ते लाल फुलीचं वाक्य वाचून ओठ दाबले, आणि माझ्याकडे वळल्या.

"क्लासमध्ये तुला माहीत होतं ना, वजा करणं चूक आहे ते?"

"हो."

"मग का केलंस?"

"सर रागावतील म्हणून."

"इथे पण लोक रागावतात रे. मी पण रागावते. मग इथे किती वजा करशील?"

मला लाज वाटली, आणि ती योग्यच होती. मॅडम म्हणाल्या, "तीन महिन्यांनी परत टेस्ट आहे, तेव्हा ये." मग वही सरांकडे सरकवत त्यांनी विचारलं, "सर, ज्यांचं हे वाक्य आहे, त्यांना सांगितलंत ना, की बरोबर होतं म्हणून?"

सरांनी वही पिशवीत घातली आणि पिशवीचे बंद दोनदा बांधले.

तीन महिन्यांनी मी गेलो आणि पास झालो. अजून तिथेच आहे. लोक रागावतात हे खरं आहे. पण हे पुढचं. त्या दिवशी परतताना लोकल कळव्याच्या पुढे गेल्यावर सरांनी पिशवी मांडीवर घेतली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "फोनवर सोपं असतं रे."

आम्ही तीन मजले चढलो. सर किल्ली कधीच नेत नसत, घरात कोणीतरी असायचंच. त्यांनी बेल वाजवली. भिंगातला उजेड गेला.

"अगं, मी आहे."

"ओळख म्हणजे पुरावा नव्हे," आतून काकू म्हणाल्या. "वाक्य?"

सर माझ्याकडे बघून ओशाळं हसले. मग काकूंना खूश करायला म्हणून असेल, म्हणाले, "मुकाट्यानं दार उघड आता."

"हे वाक्य नव्हे, धमकी आहे."

समोरच्या घराचं दार बोटभर उघडलं. सर घामाघूम झाले होते. चढून आल्यामुळे असेल. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

"दोनच झाले."

"माझं चुकलं. खरंच चुकलं."

"'चुकलं' दोनदा आलं. अग्राह्य."

रॅक समोरच होता. चप्पल बूट छत्री कुंडी म्हटलं असतं तर नियमाने कडी काढावीच लागली असती, आणि हे सरांपेक्षा जास्त कोणाला कळत असणार. त्यांनी एकदा रॅककडे बघितलंही. मग दाराच्या अगदी जवळ गेले, भिंगाशी तोंड नेलं आणि बोटं मोजत, सावकाश म्हणाले,

"माझं चुकलं. वीस वर्षं."

मला वाटतं, काकू तपासत होत्या. की डोळे पुसत होत्या, कोण जाणे.

"ग्राह्य," त्या म्हणाल्या, आणि कडी निघाली.

त्या दिवशीची नोंद काकूंनी स्वतःच्या हाताने केली, पुढे निळी खूण केली, आणि मग सरांकडून ती पहिली वहीही मागून घेतली. सरांनी खोडरबर आणि पांढरी शाई दोन्ही पुढे केली. काकूंनी ते पान काढून फुलीकडे नीट बघितलं आणि वही मिटली.

"उत्तर एकशे अठ्ठेचाळीस करा," त्या म्हणाल्या. "फुली राहू दे. मला ती अधूनमधून लागेल."